उजेड वाटेत कुठं सांडतो

जतहून विजापूरच्या दिशेनं गाडी निघाली की थोड्याच वेळात वस्ती विरळ होते आणि माळ सुरू होतो. सांगली जिल्ह्यातला हा सर्वांत मोठा तालुका, आणि पावसानं कायम हात आखडता घेतलेला. रात्री या बाजूच्या रस्त्यांवर समोर काय उभं असेल याचा नेम नसतो. मागचा लाल दिवा गेलेली ट्रॅक्टरची ट्रॉली असेल, कडब्यानं भरलेली बैलगाडी असेल, नाहीतर रस्ता ओलांडणारा माडग्याळ मेंढरांचा कळप असेल. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढं सरकते. हेडलाईटचा उजेड जितका आखूड, तितकं ब्रेक दाबायला अंतर कमी. जुन्या गाडीची हौस करणाऱ्यानं रंग, क्रोम आणि सीटकव्हर या सगळ्यांच्या आधी दिव्यांकडं बघावं, असं मला मनापासून वाटतं.

जुनी गाडी म्हणजे या भागात प्रामुख्यानं तीन घराणी. महिंद्राची जीप, हिंदुस्तान मोटर्सची अ‍ॅम्बॅसडर आणि प्रीमियरची फियाट, जिला १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळालं. यातली पद्मिनी आपल्या मुलखाची म्हणायला हरकत नाही. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या गाड्या बनू लागल्या, आणि सांगलीचं अभियांत्रिकी महाविद्यालय आजही त्यांचंच नाव लावतं. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी उतरली. खेड्यापाड्यांत मात्र कुणाच्या वाड्याच्या पडवीत, कुणाच्या गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली या गाड्या अजून आहेत, आणि आजोबांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणून नातवंडं आता त्यांच्यावरची धूळ झटकू लागली आहेत.

या प्रकरणाचा शेवट पॉप-अप दिव्यांवर होणार आहे, म्हणजे बटण दाबल्यावर बॉनेटमधून वर येणारे आणि बंद केल्यावर आत जाणारे दिवे. तसे दिवे असलेली गाडी जतच्या एखाद्या गॅरेजात क्वचितच येईल. ती आलीच तर मिस्त्रीनं घाबरून तिला पुण्याला पाठवू नये म्हणून हे लिहितो आहे. पद्मिनीच्या दिव्याचा उजेड वाटेत कुठं सांडतो हे ज्याला शोधता येतं, आणि बंद केलेला वायपर काचेच्या तळाशी येऊनच कसा थांबतो हे ज्याला माहीत आहे, त्याला पॉप-अपमध्ये नवीन शिकायला फार थोडं उरतं.

आधी उजेडाचा हिशोब. आजच्या एच-फोर हॅलोजन बल्बवर ६०/५५ वॅट असं लिहिलेलं असतं. ६० अप्परचे, ५५ डिपरचे. दोन बल्ब अप्परवर लावले तर १२० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर करंट. हा करंट बॅटरीपासून निघतो, किल्लीच्या स्विचमधून, दिव्याच्या स्विचमधून, डिपरमधून, फ्यूजबॉक्समधून, चार-सहा कपलरमधून बल्बपर्यंत जातो आणि बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीकडं परततो. या वाटेवर कुठंतरी फक्त ०.१ ओहमचा रोध तयार झाला, तरी १० अँपिअरला तिथं एक पूर्ण व्होल्ट खर्ची पडतो. खर्ची पडतो म्हणजे त्याची उष्णता होते. १० वॅट उष्णता, तीही एका पिनेच्या टोकावर. जुन्या गाडीतले कपलर पिवळे पडून वितळलेले दिसतात त्याचं कारण हेच.

एका व्होल्टनं काय बिघडतं, असं पुष्कळांना वाटतं. पण बल्बचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात घटत नाही. तो साधारण ३.४ व्या घातानं घटतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी पडलं की उजेड सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो, आणि व्होल्टेज वीस टक्क्यांनी पडलं की उजेड निम्म्याच्याही खाली जातो. बल्बमधली तार लाल-पिवळी होते, पांढरी होत नाही. अशा वेळी मालक दुकानात जाऊन १००/९० वॅटचा बल्ब आणतो. मूळ गाडी ४५/४० वॅटच्या बल्बसाठी बनलेली असेल, तर तिच्या स्विचमधून अप्परला साडेसात अँपिअर जात होते. नव्या बल्बनं ते साडेसोळाच्या पुढं जातात. उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणून त्याच कमकुवत जोडावर आता जवळजवळ पाचपट उष्णता होते. चार दिवस उजेड बरा वाटतो, मग स्विच जळतो. मोठा बल्ब हा मंद दिव्यावरचा उपाय नाही, आणि असे बल्ब विकून मिस्त्रीनं गिऱ्हाईकाला धोक्यात घालू नये.

दोष शोधायला काय लागतं? एक टेस्ट लॅम्प, एक साधा मल्टिमीटर, पॉलिश पेपरचा तुकडा आणि घाई नसलेला एक तास. यातल्या मल्टिमीटरबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. तो स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीच्या सगळ्या तारा तुटून एकच केसभर तार शिल्लक असली, तरी बल्ब काढून होल्डरमध्ये मीटर लावला की तो खुशाल १२.५ व्होल्ट दाखवतो. मिस्त्री म्हणतो, करंट येतोय, बल्ब गेलाय. नवा बल्ब लावतो, तो पेटत नाही. मग होल्डर बदलतो, मग स्विच. डाळिंबाच्या बागेत ड्रिप असलेल्याला हे चटकन समजेल: फिल्टर चोंदलेला असला तरी पुढचे व्हॉल्व्ह बंद आहेत तोवर गेजचा काटा भरपूर दाब दाखवतो. व्हॉल्व्ह उघडून पाणी वाहू लागलं की काटा खाली येतो, आणि शेवटच्या झाडाला थेंब पोचत नाही. तेव्हा माप घ्यायचं ते बल्ब जोडलेला आणि दिवा चालू असतानाच.

आता एक गाडी समोर घेऊ. समजा, पद्मिनीचं इंजिन बंद आहे, हेडलाईट लावलेला आहे. मीटर बॅटरीच्या दोन टोकांवर ठेवला, १२.२ व्होल्ट दिसले. दिवा लागलेला असल्यामुळं ते १२.६ वरून थोडे उतरलेले आहेत, हे ठीक आहे. मग बल्बच्या पाठीमागच्या पिनांना मीटरच्या सुया लावल्या. ९.६ व्होल्ट. वाटेत २.६ व्होल्ट हरवले. हे कुठं गेले ते शोधताना मीटरची काळी सुई दर वेळी बॉडीवर ठेवू नका. सुया त्या त्या भागाच्या दोन बाजूंना ठेवा. दिव्याच्या स्विचमध्ये करंट शिरतो तिथं एक सुई, बाहेर पडतो तिथं दुसरी. मीटर जे दाखवेल तेवढं व्होल्टेज तो स्विच खातो. समजा तिथं ०.९ निघाले. डिपरवर ०.६. कपलर आणि वायरींत मिळून ०.४. शेवटी एक सुई बल्बच्या अर्थ पिनेवर आणि दुसरी थेट बॅटरीच्या ऋण टोकावर, तिथं ०.७. बेरीज करा, २.६ पुरे होतात. बॅटरीपाशी ज्याला शंभर म्हणावं त्या उजेडातला चव्वेचाळीसच्या आसपास उजेड रस्त्यावर पोचत होता, आणि बल्बमध्ये काडीचाही दोष नव्हता.

किती सांडलं तर चालतं? येण्याच्या वाटेवर सगळं मिळून अर्धा व्होल्ट, परतीच्या वाटेवर, म्हणजे अर्थिंगला, ०.२ च्या आत. त्याहून जास्त असेल तर हात घालायचा.

अर्थिंगवर मी जास्त थांबणार आहे, कारण जुन्या गाड्यांत सर्वाधिक रोग तिथंच असतात आणि सर्वांत कमी लक्ष तिथंच जातं. येण्याच्या वाटेला रंगीत वायर असते, ती दिसते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. बल्बची काळी वायर मडगार्डच्या आतल्या एका स्क्रूला बांधलेली असते. त्या स्क्रूकडं नीट बघा. वर धुळीचा राखी थर, त्याखाली चाकानं उडवलेला चिखल वाळून झालेला खडा, तो फोडला की रंगाचा पापुद्रा, आणि रंगाखाली तांबूस गंज. वायरीच्या टोकाचं थिंबल तांब्याचं असेल तर त्याच्या कडेला हिरवट पूड. या थरांतून दिव्याचा सगळा करंट जायचा असतो. गाडीचं नुकतंच डेंटिंग-पेंटिंग झालेलं असेल तर आणखी कठीण, कारण रंगाऱ्यानं प्रेमानं त्या स्क्रूवरही दोन हात मारलेले असतात. नव्या रंगाची झळाळती गाडी आणि मंद दिवे ही जोडी दिसली की आधी अर्थचे स्क्रू उघडावेत. पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरनं घासायचा, थिंबल नवं दाबायचं, दातेरी वॉशर घालून आवळायचं, आणि वरून व्हॅसलिन किंवा ग्रीसचा हात द्यायचा, म्हणजे दमट हवा आत जात नाही. इंजिनला बॉडीशी आणि बॉडीला बॅटरीशी जोडणाऱ्या पट्ट्याही याच वेळी काढून साफ कराव्यात.

अर्थ पूर्ण तुटला की गाडी फार विचित्र वागते. समजा, डाव्या हेडलाईटचा अर्थ सुटला आहे आणि तुम्ही डिपर लावला. एच-फोर बल्बला तीन पिना असतात: एक डिपरची, एक अप्परची, एक दोघांची मिळून अर्थची. करंट डाव्या बल्बच्या डिपर तारेतून आत शिरतो, पण अर्थकडं जायला वाट नाही. मग तो त्याच बल्बच्या अप्पर तारेतून उलटा बाहेर पडतो, अप्परच्या वायरीनं उजव्या बल्बपर्यंत जातो आणि तिथल्या अप्पर तारेतून अर्थला मिळतो. परिणाम असा की डाव्या बल्बच्या दोन्ही तारा मिणमिणतात, उजवा दिवा जवळजवळ ठीक दिसतो, आणि डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा डिपर असतानाही मंद उजळतो. हा निळा दिवा फार मोलाची खूण आहे. तो असा चुकीच्या वेळी उजळला की स्विच उघडायची गरज नाही, थेट हेडलाईटच्या मागचा अर्थ बघा. इंडिकेटर लावला की पार्किंगचा दिवाही त्याच्याबरोबर लुकलुकतो, यामागंही हेच कारण असतं.

डिपरचा स्विच जीपमध्ये आणि जुन्या अ‍ॅम्बॅसडरमध्ये पायाशी, क्लचच्या डाव्या अंगाला असतो. त्याच्या नशिबी चपलेची माती, पावसात गळणारं पाणी आणि बारा महिने धूळ. जतच्या माळावरची मुरमाची बारीक धूळ सगळीकडं शिरते, तिथं तर शिरतेच. तो आधी स्प्रेनं धुऊन वीसेक वेळा दाबून बघावा. तेवढ्यानं पुष्कळदा संपर्क साफ होतात. फ्यूजच्या बाबतीत मात्र गाडीगाडीत फरक आहे. जुन्या युरोपीय घडणीच्या गाड्यांत दोन टोकांना निमुळते फ्यूज स्प्रिंगच्या पितळी पट्ट्यांमध्ये बसवलेले असतात. फ्यूज शाबूत असतो, पण पट्टी सैल आणि काळी पडलेली असते. तो बोटानं फिरवला की दिवा लागतो. उलट त्या काळच्या अनेक ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत हेडलाईटला फ्यूजच नसे. अशा गाडीची वायर उंदरानं कुरतडून पत्र्याला टेकली तर धूर निघाल्यावरच कळतं. गोठ्याजवळ, चाऱ्याजवळ उभी राहिलेली गाडी पहिल्यांदा चालू करण्याआधी बॅटरी सोडून ठेवून वायरींवर हात फिरवणं म्हणूनच गरजेचं आहे.

आणखी एक फसवी खूण. डायनॅमोची गाडी चौकात उभी राहिली की दिवे मंदावतात आणि ॲक्सिलरेटर दिला की उजळतात. यात वायरिंगचा काही दोष नाही. इंजिन सावकाश फिरत असताना डायनॅमो चार्जिंग देऊ शकत नाही, दिवे तेवढा वेळ एकट्या बॅटरीवर चालतात. अल्टरनेटर कमी वेगालाही चार्जिंग देतो. इंजिन थोडं वेगात असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की चार्जिंगची बाजू ठीक आहे असं समजावं आणि मग दिव्यांकडं वळावं. काही फार जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. तिथं आधी खात्री केल्याशिवाय कुठलीही नवी वस्तू जोडू नये.

सगळं साफ केल्यावर कायमचा उपाय म्हणजे रिले. जुन्या स्विचमधून दिव्यांचा सगळा करंट नेण्याऐवजी त्यानं फक्त रिलेची कॉइल चालवायची, तिला जेमतेम ०.२ अँपिअर पुरतात. जाड वायर बॅटरीपासून फ्यूजमार्गे रिलेच्या ३० नंबरला, ८७ मधून दिव्याकडं, ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं. अप्परला एक रिले, डिपरला दुसरा. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ हवा आणि डाव्या-उजव्या दिव्याला वेगळा हवा, म्हणजे रात्री एक गेला तरी दुसरा राहतो. वायरीच्या जाडीतही कंजुषी नको: १ चौरस मिलिमीटरच्या तीन मीटर तांब्याच्या वायरीत १० अँपिअरला अर्धा व्होल्ट जातो, अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत फक्त ०.२. मूळ हार्नेस कापून टाकू नये, तो तसाच ठेवून नवा बाजूनं न्यावा. पुढं कुणाला गाडी मूळ रूपात न्यायची असेल तर त्याचे हाल होत नाहीत.

इथपर्यंत दिवा एका जागी होता. आता तो हलू लागणार आहे.

हलणारा हेडलाईट ही कल्पना आपल्याकडं समजतात तेवढी परकी नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचे हेडलाईट बिजागरीवर बसवलेले होते. बॉनेट उघडायचं, चाप सैल करायचा आणि दिवा उलटा फिरवून इंजिनावर रोखायचा, म्हणजे रात्री अंधारात दुरुस्ती करता येई. महिंद्राच्या जीपचं घराणं तेच, फक्त नागरी गाड्यांत ती सोय राहिली नाही. दिवे झाकून ठेवण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. १९३५ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात कॉर्ड ८१० ही गाडी आली, तिचे दिवे पुढच्या मडगार्डच्या पोटात होते. मोटर नव्हती. डॅशबोर्डच्या दोन टोकांना दोन हँडल, ती हातानं फिरवून एकेक दिवा वर आणायचा.

पॉप-अप दिव्यांची खरी भरती झाली ती अमेरिकी नियमामुळं. १९४० पासून तिथं सर्व गाड्यांना सात इंची गोल सील्ड बीम दिवेच सक्तीचे झाले. काच, आरसा आणि तार एकाच बंद डब्यात. दिवा जमिनीपासून किती उंच असावा याचाही नियम होता. पण हवेला कापत जाणाऱ्या स्पोर्ट्स गाड्यांचं नाक त्या उंचीच्या खाली गेलेलं असे. तेव्हा नाक खालीच ठेवायचं आणि दिवा लागेल तेव्हा वर काढायचा, ही तोड निघाली. १९६२ ची लोटस इलान, १९६३ ची कॉर्व्हेट स्टिंग रे, मग पोर्शे ९२४ आणि ९४४, टोयोटाची एमआर-टू, आणि १९८९ ला आलेली माझदा एमएक्स-फाईव्ह, सगळ्या याच वाटेनं गेल्या. १९८३ मध्ये अमेरिकेनं बदलता येणाऱ्या बल्बचे, हव्या त्या आकाराचे दिवे चालवून घेतले आणि पॉप-अपची गरज संपत गेली. पादचाऱ्याला धडक बसली तर वर आलेला दिवा इजा करतो, ही काळजीही पुढं वाढली. २००४ मध्ये कॉर्व्हेट आणि लोटस एस्प्रिट यांच्याबरोबर हे दिवे मोठ्या कारखान्यांतून गेले.

अशी गाडी दुरुस्तीला आली तर पहिला प्रश्न बल्बचा नाही, दिवा कशानं हलतो याचा आहे. ओपेल जीटीमध्ये तो हाताच्या लिव्हरनं फिरतो, तिथं मोटर शोधत बसलात तर दिवस जाईल. लोटस इलानमध्ये इंजिनाच्या शोषणानं तयार होणाऱ्या निर्वातावर चालतो, तिथं चिरलेली रबरी नळी हाच बहुधा दोष. बाकी बहुतेकांत विजेची मोटर. पण तिथंही विचारायचं: मोटर एक की दोन? पोर्शे ९४४ मध्ये एकच मोटर दोन्ही दिवे एका दांड्यानं उचलते. तिच्यात एक दिवा वर आणि एक खाली असेल तर वीज निर्दोष आहे, दांडा किंवा त्याचा जोड सुटलेला आहे. माझदा एमएक्स-फाईव्हमध्ये प्रत्येक दिव्याला आपली मोटर, तिथं तीच खूण त्या बाजूच्या मोटरचा किंवा तिच्या वायरींचा दोष सांगते.

आता वायपरकडं या. आपण वायपरचं बटण बंद करतो तेव्हा काचेच्या मध्यावर असलेला वायपर तिथंच थांबत नाही, तळापर्यंत येऊन थांबतो. कारण मोटरच्या गिअरवर एक धातूची चकती असते, तिच्यावर घासणारा संपर्क बटणाला वळसा घालून मोटरला करंट देत राहतो. वायपर तळाशी पोचला की चकतीची खाच संपर्काखाली येते आणि करंट तुटतो. पॉप-अपच्या बहुतेक मोटरींत हेच आहे, फक्त खाचा दोन जागी, अर्ध्या फेऱ्याच्या अंतरानं. मोटर एकाच दिशेनं फिरते. तिच्या आसावरच्या क्रँकनं अर्धा फेरा केला की दिवा वर, उरलेला अर्धा केला की खाली. दिव्याचं बटण चालू केलं की रिलेमार्फत वर नेणाऱ्या संपर्काला करंट मिळतो, बंद केलं की खाली आणणाऱ्याला. ज्यानं वायपरची मोटर उघडून चकती साफ केली आहे त्यानं ही मोटर उघडायला कचरू नये.

हे कळलं की खुणा आपोआप बोलू लागतात. दिवा वर-खाली होत राहतो, थांबतच नाही: चकतीवर काजळी आणि जुन्या ग्रीसचा थर बसून खाच भरली आहे, किंवा संपर्काची पट्टी वाकली आहे, करंट तुटायच्या जागी तुटत नाही. काही रचनांत थांबण्याच्या क्षणी मोटरची दोन्ही टोकं एकत्र जोडून तिला ब्रेक लावलेला असतो. तो संपर्क मळला तर मोटर खाचेच्या पुढं सरकते आणि पुन्हा फेरा सुरू करते. दिवा उजळतो, पण वर येत नाही: उचलणाऱ्या मोटरचा फ्यूज आणि रिले बल्बपेक्षा निराळे असतात, तिथं बघा. रिलेचा टक् आवाज येतो आणि मोटर गप्प: मोटरचा अर्थ, कपलर, मग कार्बन ब्रश, या क्रमानं. दिवा उचलायला अर्धा मिनिट लागतो: मोटर फिरत असताना तिच्या टोकांवर मीटर लावा. ११ व्होल्टच्या खाली येत असेल तर वर सांगितलेला सगळा पाठ पुन्हा इथं लागू होतो. व्होल्टेज भरपूर असेल तर वीज सोडा आणि सांधे बघा, ग्रीस वाळून चिकट झालेलं असणार. मोटर गरम होते आणि गाडी उभी असताना बॅटरी उतरते: एखादा रिले चिकटून बसला आहे किंवा दिवा शेवटच्या टोकापर्यंत पोचतच नाही, म्हणून मोटर अडून ढकलत राहते. उन्हाळ्यात पत्रा तापून झाकण घासत असेल तरी असं होतं.

या कामात एक धोका खरा आहे. अडकलेल्या दिव्याच्या फटीत बोट घालून ढकलताना संपर्क अचानक जुळतो आणि मोटर पूर्ण ताकदीनं फिरते. बोट चिमटतं, मोडतंही. म्हणून हात घालण्याआधी मोटरचा फ्यूज काढायचा, शक्य असेल तर बॅटरीचं टोकही. पुष्कळ मोटरींच्या टोकाला रबरी टोपीखाली हातानं फिरवायची घुंडी असते. रात्री रस्त्यात दिवा आतच अडकला तर फ्यूज काढून ती घुंडी फिरवायची, दिवा पूर्ण वर आणायचा आणि घरी पोचेपर्यंत तसाच ठेवायचा. ज्याच्याकडं अशी गाडी आहे त्यानं ती घुंडी कुठं आहे हे दिवसा बघून ठेवावं.

परदेशातून आलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट तपासावी लागते, आणि ती विजेची नाही. ज्या देशांत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, तिथल्या दिव्यांचा डिपर उजवीकडं थोडा वर चढतो, कारण त्यांचा रस्त्याचा काठ उजवीकडं असतो. तोच दिवा आपल्याकडं समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो. तो कितीही खाली झुकवला तरी हा दोष जात नाही. डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठीची काच किंवा दिवा बसवणं हाच इलाज आहे.

शेवटी दिव्याचं तोंड. गाडी सपाट जागेवर, टायरांत हवा बरोबर, मागच्या सीटवर नेहमी असतं तेवढं ओझं ठेवून उभी करावी, समोर दहा मीटरवर भिंत. बल्बच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्या उंचीवर भिंतीवर खडूनं आडवी रेघ ओढावी, आणि डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या सुमारे दहा सेंटिमीटर खाली येईल असे मागचे स्क्रू फिरवावेत. पॉप-अप गाडीत हे माप घेतल्यावर दिवे पाच-सहा वेळा आत-बाहेर करून पुन्हा घ्यायचं. दर वेळी कड त्याच जागी आली नाही, तर वरच्या टोकाला दिवा जिथं टेकतो तो रबरी ठोकळा झिजलेला आहे. तो बदलून मगच स्क्रूला हात लावावा.